वारसा : भांडवल की ऋण?

वडिलोपार्जित कीर्ती हे भांडवल खरे; परंतु त्यावरील व्याज वारसालाच फेडावे लागते. अमेरिकन कंट्री संगीताचे अध्वर्यू हँक विल्यम्स १९५३ साली अवघ्या २९ व्या वर्षी निवर्तले, तेव्हा त्यांचा मुलगा चार वर्षांचाही नव्हता. आठव्या वर्षापासून तो व्यासपीठावर पित्याचीच गीते पित्याच्याच ढंगात गाऊ लागला. श्रोत्यांना हवा होता पिता. पुत्र केवळ निमित्तमात्र. मिळकत होती, पण स्वत्व गहाण पडले होते.

ते सोडविण्यासाठी हँक विल्यम्स ज्युनियर यांनी १९७५ साली अलाबामातील मसल शोल्स येथे चार्ली डॅनियल्स, टॉय कॉल्डवेल आदी रॉक संगीतात मुरलेल्या कलावंतांना सोबत घेतले आणि ‘हँक विल्यम्स ज्युनियर अँड फ्रेंड्स’ ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माँटानातील कड्यावरून कोसळून त्यांचा चेहरा छिन्नविच्छिन्न झाला. अनेक शस्त्रक्रियांनंतर ते पुन्हा गाऊ लागले, ते मात्र स्वतःच्या आवाजात.

वारसा जसाच्या तसा जपणे ही केवळ राखण होय. त्यात स्वतःची भर घालील, तोच पितृऋणातून मुक्त होतो. मुलांनी आपलीच वाट गिरवावी असा आग्रह धरणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे.