शाई न फुटणारी शुभेच्छा

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस बाजारात चक्कर मारली, तर आकाशकंदील, पणत्या आणि रांगोळीचे रंग यांच्या शेजारी एखाद्या दुकानात अजूनही भेटकार्डे मांडलेली दिसतात. पूर्वीइतकी नाहीत, पण दिसतात. चकचकीत कागद, सोनेरी अक्षरे आणि आत छापील चार ओळी. आपल्याला लिहायला उरते ती कोपऱ्यातली दोन बोटे जागा. त्या दोन बोटांत फाउंटन पेनने सही करून पाहा. कागद शाई पीतच नाही. अक्षर वरच्या वर ओले राहते आणि पाकिटात घालताना अंगठ्याबरोबर निघून येते.

हौसेने आणलेल्या खडबडीत हातकागदाची गत नेमकी उलटी. तो इतका तहानलेला असतो की ‘श्री’ लिहावा, तर वेलांटीला मिशा फुटतात आणि मागल्या बाजूला शाई उतरते ती वेगळीच. एक कागद पीत नाही आणि दुसरा पिऊन थांबत नाही! या दोहोंच्या मधला कागद घरी तयार करून त्याची भेटकार्डे कशी करावीत, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

“एवढी यातायात कशाला? मोबाइलवर बोट फिरवलं की शंभर जणांना शुभेच्छा जातात,” असे आमच्या घरातली मंडळीही म्हणतात. जातात खऱ्या. पण माझी आत्या त्या शंभरांत बसत नाही.

आत्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला राहते. वय चौऱ्याऐंशी. कान गेले आहेत. यंत्र लावले की ते शिटी वाजवते, म्हणून तिने ते डब्यात घालून ठेवले आहे. डोळे मात्र शस्त्रक्रियेनंतर बरे चालतात. गेल्या उन्हाळ्यात मी भेटायला गेले, तेव्हा ती म्हणाली, “फोनवर तू काय बोलायलीस ते मला कळंना बघ. नुसतं हूं हूं म्हणते झालं. त्यापरीस पत्र लिहीत जा. पण जाड अन् काळं लिही.”

जाड आणि काळे! बॉलपेनची रेघ तिला दिसत नाही. रुंद निबाचे पेन आणि काळी शाई घ्यावी, तर साध्या वहीच्या कागदावर शाई फुटते, आणि शाई फुटली की ‘घ’ आणि ‘ध’ एक होतात, ‘थ’ चा ‘य’ होतो, ‘ब’ चे पोट भरून जाते. तरुण डोळे अंदाजाने वाचून नेतात. म्हातारे डोळे तिथेच अडतात. तेव्हा कागद चांगला असणे ही आमच्या घरी हौस राहिली नाही. आत्याशी बोलण्याचा तेवढा एकच मार्ग उरला आहे.

दासोपंतांच्या गावची गोष्ट

हे सारे अंबाजोगाईच्या निमित्ताने सुचावे, यात मला मौज वाटते. निजामी राजवटीत ज्याला मोमिनाबाद म्हणत, ते हे गाव शाईशी फार जुने नाते सांगणारे आहे. परंपरेप्रमाणे ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराज इथले. त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी दासोपंत इथे येऊन राहिले (१५५१ ते १६१५). त्यांनी इतके लिहिले की त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका गावात सांगतात. आणि त्यांचे सर्वांत नवलाचे लेखन कागदावर नाहीच. ते कापडावर आहे. ‘पासोडी’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या या वस्त्रावर त्यांनी पंचीकरणाचा विषय लिहून काढला. लांबी सुमारे ४० फूट, रुंदी सुमारे ४ फूट. चारशे वर्षे उलटून गेली, तरी ही पासोडी अंबाजोगाईत जपून ठेवलेली आहे.

कापडावर लिहिणे किती अवघड, हे ज्याच्या सदऱ्याच्या खिशात पेन ओकले आहे, त्याला सांगायला नको. सुती धाग्याचा स्वभावच ओल ओढून घेण्याचा. म्हणून कापडावर चित्र किंवा अक्षर काढायचे, तर आधी त्याला खळ देऊन घोटून घ्यावयाचे, ही आपल्याकडची जुनी रीत. हातकागदाचेही तेच. चांगला हातकागद म्हणजे कापसाच्या चिंध्यांचाच लगदा. चिंधीचे रूप बदलले, तहान तीच राहिली.

कागदाचे गाव

मराठवाड्याला कागद काही परका नाही. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना वाटेवर कागजीपुरा नावाचे गाव लागते. मुहंमद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा आलेल्या लोकांत कागद करणारे कारागीर होते आणि ते इथे वसले, असे सांगतात. गावाचे नावच त्यांच्या धंद्यावरून पडले. तिकडे पुणे जिल्ह्यात जुन्नरचा कागदही असाच नावाजलेला होता.

पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हे कारागीर मागे पडले. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा वर्ध्याच्या मगनवाडीत हातकागदावर पुन्हा प्रयोग सुरू झाले. त्याच ओघात १९४० साली पुण्यात शिवाजीनगरला के. बी. जोशी यांनी हातकागद संस्था उभी केली. आज भेटकार्डे आणि लग्नपत्रिका यांसाठी हातकागद हौसेने घेतला जातो, त्यामागे या मंडळींचे कष्ट आहेत.

जुने कारागीर कागद वाळला की त्याला तांदळाची किंवा गव्हाची खळ देत आणि मग गुळगुळीत दगडाने घोटून काढीत. घोटलेल्या कागदावर बोरू असा सरसर चाले की अक्षराची धार कुठेही मोडत नसे. १८०७ साली जर्मनीत इलिग नावाच्या गृहस्थाने राळ आणि तुरटी लगद्यातच मिसळण्याची युक्ती प्रसिद्ध केली, आणि गिरण्यांना वरून खळ देण्याची गरज उरली नाही. मात्र तुरटीच्या आम्लाने तो कागद काही वर्षांत पिवळा पडून कडकड मोडू लागतो. आपल्या आजोबांची पुस्तके उघडली की हे दिसते.

कागदाची परीक्षा

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. दुकानातून सुताचा, म्हणजे कापसाच्या लगद्याचा, १५० ते २०० ग्रॅम जाडीचा पांढरा हातकागद आणावा. फुलांच्या पाकळ्या आणि गवताच्या काड्या घातलेला कागद दिसायला छान, पण निब त्यात अडखळते.

कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकावा. थेंब दोन-तीन सेकंदांत नाहीसा झाला, तर तो कागद नव्हे, टीपकागदच. त्याला खळ हवी. मिनिटभर थेंब फुगून उभा राहिला, तर कागदाला खळ आधीच दिलेली आहे, खुशाल लिहा.

खळ कशी द्यावी

एक लिटर पाण्यात चार चहाचे चमचे कॉर्नफ्लॉवर किंवा तवकील आधी थंडच कालवावे. मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवावे आणि फडक्यातून गाळून घ्यावे. दुधाइतके पातळ हवे; दाट झाल्यास कागदावर पापुद्रा धरतो. ज्यांच्याकडे कुरडयांसाठी गव्हाचा चीक निघतो, त्यांनी त्यातला चमचाभर बाजूला ठेवला तरी काम होते. ज्यांना चालत असेल त्यांनी लिटरभर कोमट पाण्यात १५ ते २० ग्रॅम जिलेटिन विरघळवून वापरावे. त्याने रेघ आणखी धारदार उठते. ते उकळू मात्र देऊ नये.

रुंद, मऊ ब्रशाने एका बाजूला हात द्यावा, वाळू द्यावे, मग दुसऱ्या बाजूला. कागद किंचित ओलसर असतानाच दोन सुती पंचांमध्ये ठेवून वर पाट आणि जाड पुस्तके ठेवावीत. रात्रभरात सपाट होतो. सकाळी मोठ्या कवडीच्या पाठीने किंवा नदीतल्या गुळगुळीत गोट्याने गोल गोल घोटावे. पाच मिनिटांत हाताला रेशमासारखे लागू लागते. मुलांना हे काम फार आवडते.

पूर्वी खळीत किडीसाठी मोरचूद घालीत. ते विषारी आहे. घरात मुले असतील तर हात लावू नये. कागद कोरडा राहिला आणि कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवला, की कसर सहसा लागत नाही.

कार्ड, पेन आणि शाई

वहीच्या पानाएवढा, म्हणजे साधारण २१ सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद तुकडा मधोमध दुमडला की कार्ड झाले. दुमडण्यापूर्वी पट्टीला लावून चमच्याच्या दांड्याने रेघ दाबून घ्यावी. घडी तुटत नाही. २०० ग्रॅमी कागदाचे असे कार्ड सहा-साडेसहा ग्रॅम भरते. पाकीट धरूनही २० ग्रॅमच्या आत राहते, तेव्हा टपालाचा पहिलाच टप्पा पुरतो.

नक्षी फक्त बाहेरच्या बाजूला करावी. बीडच्या बालाघाट डोंगरातली सीताफळे दिवाळीच्या सुमारास बाजारात येतात (२०१६ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले). मी सीताफळाच्या पानाच्या शिरांना हिरवा रंग लावून ठसा उठवते. आत्याने पाकीट फोडले की पहिल्यांदा गावचे पान दिसते. आतली दोन्ही पाने कोरी ठेवावीत. कार्ड म्हणजे नुसती सही नव्हे. लिहायला जागा हवी.

निब गुळगुळीत हवी. टोकदार निब हातकागदाचे तंतू उपटते, ते फटीत अडकतात आणि रेघ जाड होते. असे झाल्यास ओल्या फडक्याने निब पुसावी. आपल्या मराठी दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड विकायला सुरुवात केली आणि त्यातून कॅम्लिन उभे राहिले. शाई ही आपल्या घराला काही परकी वस्तू नाही. लिहून झाल्यावर लगेच टीपकागद दाबू नये, काळेपणा अर्धा तिकडेच जातो. पाच मिनिटे उघडे ठेवावे. पाकिटावरच्या पत्त्यावर मेणबत्तीचा तुकडा हलकेच घासावा. पाण्याचे शिंतोडे उडाले तरी पत्ता पुसत नाही.

लिहावे काय?

छापील ओळ मिळाली नाही की पुष्कळांची लेखणी अडते. आपल्या जुन्या पत्रांत याची सोय होती. वर ‘श्री’, मग ‘तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार, वि. वि.’, कोपऱ्याला हळद-कुंकवाचे बोट, आणि मग घरची हकीकत. हकीकतच लिहावी. चकल्या मोडल्या, नातवाचा दात पडला, कुंडीतल्या तुळशीला मंजिऱ्या आल्या. आत्याला मी एका ओळीत सहा-सात शब्दच लिहिते, दोन ओळींत बोटभर अंतर सोडते आणि तारीख आकड्यांत न लिहिता ‘भाऊबीजेला दुपारच्या गाडीने येते’ असे लिहिते. म्हातारी माणसे सण विसरत नाहीत.

संक्रांतीच्या छोट्या भेटकार्डांची आठवण अनेकांना असेल. आत हलव्याचे दाणे घालीत, टपालाचा शिक्का बसून त्यांचा भुगा होई, आणि मुले पाकीट उलटे करून तो भुगा चाटून खात. ती पद्धत मोबाइल आल्यावर बहुतेक घरांतून गेली. दिवाळीची कार्डे करताना चार जास्तीची करून ठेवली, तर संक्रांतीला हाताशी राहतील.

टपाल वसुबारसेच्या आधी आठ-दहा दिवस टाकावे. गावाकडे जाणारे असेल, तर आणखी दोन दिवस धरावेत. आपल्या नात्यात, शेजारात, जुन्या शिक्षकांत ज्याला फोनवरचे ऐकू येत नाही असे एक तरी माणूस असतेच. या वर्षी शंभर नकोत. त्या एकाच माणसासाठी एक कागद खळ देऊन घोटा, पेनात काळी शाई भरा आणि मोठ्या अक्षरात लिहायला बसा.