सोंग आणि ढोंग

बातमीत आजारपणाचे ‘सोंग’ लिहावे की ‘ढोंग’, हा प्रश्न वृत्तपत्राच्या टेबलावर अधूनमधून येतोच. दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण ते एक नव्हेत.

‘सोंग’ हे हिंदीतील ‘स्वांग’चे सख्खे भावंड. संस्कृत ‘स्वाङ्ग’, म्हणजे स्वतःचे अंग, ही त्याची रूढ व्युत्पत्ती. रूप दुसऱ्याचे, पण अंग आपलेच! पेडणे-सिंधुदुर्गाकडच्या दशावतारात संकासुराचे सोंग येते, तेव्हा त्या काळ्या बुरख्याआड माणूस आहे हे लहान पोरालाही ठाऊक असते. तरी ते घाबरते. ‘रात्र थोडी, सोंगे फार’ ही म्हण अशा रात्रभर चालणाऱ्या खेळांनाच शोभणारी. म्हणूनच ‘सोंग छान वठले’ ही दाद ठरते. ‘ढोंग छान वठले’ असे कोणी म्हणत नाही, कारण ढोंग कळले की संपले.

अर्थात, झोपेचे सोंग घेणारा समोरच्याला विश्वासात घेत नाही. तेथे भाषेनेच ही सीमा ओलांडली आहे. त्यामुळे आजारपणाच्या बातमीत ‘सोंग’ खुशाल चालेल. भोंदूबाबाच्या बातमीत मात्र ‘ढोंग’च लिहावे. ‘सोंग’ लिहिले, तर त्याला फुकटची दाद दिल्यासारखे होते.