उचंत खात्यातले साठ रुपये

बँकेतल्या नोकरीत मला एका गोष्टीचा फार जाच व्हायचा, ती म्हणजे उचंत खात्यात पडून राहिलेली रक्कम. पैसे आलेले असतात, पण कुणाच्या नावे जमा करायचे ते ठाऊक नसते. किंवा द्यायचे असतात आणि घेणारा सापडत नाही. अशी रक्कम तात्पुरती उचंत खात्यात टाकतात. तपासनीस आला की त्याचं बोट आधी तिथंच जातं. निवृत्त होताना माझ्या टेबलाशी अशी एकही नोंद शिल्लक नव्हती, याचा मला थोडा गर्वही होता. तो दीड-दोन वर्षांत उतरला.

२०२० च्या मार्चमधली, दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. पेन्शनच्या काही कामासाठी फोर्टात गेलो होतो. परतताना दादाभाई नौरोजी मार्गाच्या कमानींखाली, नेहमीच्या खांबाशी बसणाऱ्या पेनवाल्याकडून शाईच्या पेनची निब बदलून घेतली. साठ रुपये झाले. माझ्याकडे पाचशेची नोट, त्याच्याकडे सुटे नाहीत. "बाद में देना साहब, कहाँ जाएँगे आप!" तो म्हणाला. वीसेक वर्षांची ओळख. त्याचं नाव मी कधी विचारलं नव्हतं आणि त्यानंही माझं. तो मला साहब म्हणायचा, मी त्याला मास्टर.

त्यानंतर दहा-बारा दिवसांत लोकल बंद झाली.

पुढचं सगळ्यांनीच भोगलं आहे, ते इथं सांगत बसत नाही. आम्ही पाच माणसं डोंबिवलीच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघरात. मुलगा एका खोलीत ऑफिस मांडून, नातू दुसऱ्या खोलीत शाळा मांडून, आणि मी गॅलरीत कादंबरीची तिसरी खर्डेघाशी करत. प्रत्येक वेळी पेन उचललं की ते साठ रुपये आठवत. हसू नका. माणसाला मोठ्या काळज्यांचं काही करता येत नाही तेव्हा तो लहान काळजी घट्ट धरून बसतो. टी.व्ही.वर रस्त्यानं चालत निघालेली माणसं दिसायची आणि त्यांत मी मास्टरला शोधायचो.

१ फेब्रुवारी २०२१ पासून लोकल सर्वांना खुली झाली, पण वेळा ठरवून. सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. एरवी फक्त अत्यावश्यक सेवेतली माणसं. मी जाहीर केलं, नातवाला व्ही.टी. दाखवायचं आहे. (स्टेशनाचं नाव दोनदा बदललं, पण आमच्या पिढीच्या तोंडातून व्ही.टी. जात नाही.) मुलगा म्हणाला, "बाबा, तुमच्या वयाच्या लोकांनी घरात बसायचं असं सांगितलंय. अजून लसही नाही." सूनबाई काही बोलली नाही. तिनं दुसऱ्या दिवशी सॅनिटायझरच्या पाच छोट्या बाटल्या आणून ठेवल्या, त्यावरून काय ते समजलो. आमची ही मात्र अनपेक्षितपणे म्हणाली, "मी येणार. छत्तीस वर्षं ऐकतेय फोर्ट, फोर्ट. एकदा बघू तरी दे."

खरोखरच तिनं तो रस्ता पाहिलेला नव्हता. कोल्हापूरच्या गाडीसाठी व्ही.टी.वर अनेकदा आली, पण सामान सांभाळत फलाटावरच. दोन टप्प्यांत मिळून चौदा वर्षं मी ज्या रस्त्यावर भाकरी मिळवली, तो तिला दाखवावा असं मला कधी सुचलंच नाही. रविवारी कुणाला ऑफिसचा रस्ता बघायचा असतो?

१३ फेब्रुवारी, दुसरा शनिवार. पहाटे पाचला उठून हिनं धपाटे केले, बाहेरचं खायचं नाही या अटीवर. साडेसहाच्या सुमाराची गाडी मिळाली आणि चक्क बसायला जागा मिळाली. नातू खिडकीशी. त्याला लोकल म्हणजे काय ते जवळजवळ नव्यानंच कळत होतं. वय वर्षं नऊ, त्यातलं एक घरात गेलेलं.

आठच्या आत आम्ही रस्त्यावर होतो. डावीकडे ती स्टेशनची इमारत, समोर महापालिकेची. दोन्ही एकाच स्टीव्हन्स नावाच्या वास्तुविशारदाच्या, पहिली १८८८ मध्ये पुरी झाली, दुसरी १८९३ मध्ये. इतकं मला माहीत होतं. पण दोन्हींच्या मधे उभा राहून मी त्या कधी पाहिल्या होत्या? त्या चौकात उभं राहायची सोयच नव्हती. मागची गर्दी तुम्हाला भुयारी मार्गात लोटून द्यायची. दहाच्या ठोक्याला मस्टरवर लाल रेघ पडायची, त्यामुळे नजर कायम पुढच्याच्या पाठीवर. माझ्या आठवणीतला हा रस्ता म्हणजे हजारो पाठी आणि बगलेतल्या पिशव्या.

हिनं मान वर केली ती खाली घेईना. कमानी, त्यांवरचे कोरीव खांब, गॅलऱ्या, मनोरे, कुठे दगडी चेहरे. पुढे पारशांची अग्यारी लागते, तिच्या दाराशी माणसाच्या तोंडाचे, पंखवाले दोन दगडी बैल. नातवानं विचारलं, "आजोबा, हे कोण?" मला सांगता येईना. चौदा वर्षं त्यांच्या समोरून गेलो होतो.

"अहो, हे सगळं रोज इथंच होतं?" हिनं विचारलं.

"होतं की."

"मग घरी येऊन फक्त गाडी किती लेट झाली एवढंच कसं सांगायचात?"

उत्तर नव्हतं म्हणून मी इतिहास सांगू लागलो. नवऱ्यांची ही जुनी युक्ती आहे. इथं पूर्वी इंग्रजांच्या किल्ल्याची भिंत होती. १८६० नंतर गव्हर्नर फ्रिअरच्या काळात ती पाडली आणि त्या मोकळ्या पट्ट्यावर हा रस्ता रुंद होत गेला. नाव हॉर्नबी रोड. १८९६ मध्ये सरकारनं नियम केला की, या रस्त्यावरच्या इमारतींनी तळमजल्यावर पायी चालणाऱ्यांसाठी कमानींचा मार्ग ठेवलाच पाहिजे. म्हणून तर आमच्यासारख्यांनी उन्हापावसात कोरड्या डोक्यानं नोकऱ्या केल्या.

१८९६ म्हटलं आणि थबकलो. त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला. इथून चालत जाण्याच्या अंतरावरच्या मांडवीत तो पहिल्यांदा ओळखला गेला. लाखो माणसं शहर सोडून गावाकडे पळाली. दुसऱ्या वर्षी सरकारनं साथरोगांचा कायदा केला, आणि २०२० च्या मार्चमध्ये राज्यात लागू झाला तो हाच, १८९७ चा. म्हणजे या कमानी जेव्हा उभ्या राहत होत्या, तेव्हाही त्यांखालची माणसं अशीच कुठंतरी निघून गेलेली असणार. गवंडी, पाथरवट, हमाल. त्यांतले किती परतले असतील? मी हे मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मास्क वर घ्या."

सिद्धार्थ कॉलेजची इमारत मात्र मी अभिमानानं दाखवली. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या या कॉलेजात सकाळी वर्ग भरत. आमच्या शाखेतला एक शिपाई इथं तास करून दहाला ड्युटीवर यायचा. पुढे तो अधिकारी झाला आणि माझ्याच शेजारच्या टेबलावर बसला. रजेचा अर्ज माझ्यापेक्षा चांगल्या इंग्रजीत लिहायचा.

त्याच माणसासाठी मी शाखेच्या बंद शटरसमोर जरा थांबलो. टाळेबंदीत बँका चालू होत्या हे लोक विसरतात. तो कल्याणहून बसनं यायचा. पहाटे रांग लावायची, कधी तीन तास जायला, तीन यायला. त्याची निवृत्ती दीड वर्षावर होती. २०२० च्या सप्टेंबरमध्ये तो गेला. आम्हाला निरोप मोबाइलवर आला आणि आम्ही मोबाइलवरच हात जोडले. शटरवर सुट्ट्यांची यादी चिकटवलेली होती. हिला मी सांगितलं, "आत डाव्या हाताला त्याचं टेबल होतं." ती त्या शटरकडे, जणू आतलं दिसत असावं, तशी बघत राहिली. तिनं त्याच्या मुलीच्या लग्नात रुखवत मांडलं होतं.

दहा-साडेदहानंतर कमानींखाली फेरीवाले गाठोडी सोडू लागले. मी भराभर पुढे गेलो. खांब तोच, पण पेनांची काचेची पेटी नव्हती. तिथं दोरीवर मास्क लटकत होते. फुलांचे, ठिपक्यांचे, पैठणीच्या काठाचे सुद्धा. तिशीतला एक मुलगा बसला होता. मी मास्टरची चौकशी केली.

"वो तो गाँव गए. मई में, ट्रक से. अब नहीं आएँगे."

उत्तर प्रदेशात कुठंतरी. हा मुलगा त्याच्या गावाजवळचाच, पूर्वी शेजारी मोबाइलची कव्हरं विकायचा. मी माझी उचंत खात्याची कथा सांगितली. त्यानं माझ्याकडे, मग हिच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता फोन लावून माझ्या हातात दिला. मी तो हातरुमालात धरून कानाला लावला. सूनबाईचं लक्ष होतं.

"साठ रुपये?" पलीकडून मास्टरचा आवाज. "कौन से साठ, साहब?"

त्याला आठवतच नव्हतं! अकरा महिने मी वागवलेलं ओझं त्याच्या वहीत नव्हतंच. मी सगळं पुन्हा सांगितलं. निब म्हणताच तो जागा झाला. "हाँ, वो काला पेन. स्याही ज़्यादा तो नहीं छोड़ती?" मी म्हटलं, छान चालते. मग त्यानं सांगितलं की, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, बारीक काम आता दिसत नाही, पेटी गावच्या एका दुकानदाराला विकली. "पेन अब लिखता भी कौन है, साहब." तक्रारीचा सूर नव्हता. मी तुम्ही-आम्ही करत नाव विचारलं. त्यानं सांगितलं. ते इथं लिहीत नाही. ते मला विचारायला वीस वर्षं लागली, तेवढं माझ्यापाशी राहू दे.

मुलानं मोबाइलवरून पैसे पाठवायची तयारी दाखवली, पण मास्टरचा फोन साधा, बटणांचा. शेवटी मी साठ रुपये मास्कवाल्याकडे दिले. पाचशे देऊ लागलो तर फोनवरूनच मास्टरनं त्याला दरडावलं, साठच घे. त्यानं मास्कच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर ६० लिहिलं. मी सवयीनं म्हणालो, "तारीख डालो." त्यानं तारीख घातली. तेवढ्यात हिनं घासाघीस करून पाच मास्क घेतले, त्यांत एक पैठणीचा.

फाउंटनपाशी सावली बघून धपाटे खाल्ले. किल्ल्याचा चर्चगेट हा दरवाजा पूर्वी तिथं होता, १८६४ पासून हे कारंजं आहे. त्यादिवशी पाणी चालू होतं. शेजारी हुतात्मा स्मारकाचा शेतकरी आणि कामगार, हातात मशाल. दादाभाईंचा पुतळाही तिथंच. हे पहिले हिंदी गृहस्थ, जे १८९२ मध्ये विलायतेच्या पार्लमेंटात निवडून गेले. देशातून किती पैसा बाहेर वाहून जातो याचा त्यांनी आकडे मांडून हिशेब केला, असं नातवाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तुमच्यासारखेच बँकवाले?" मी होय म्हणून टाकलं. बाराच्या आधी फलाटावर सोडत नव्हते, म्हणून आम्ही परतताना त्याच कमानींखालून दुसऱ्या बाजूनं हळूहळू आलो. इतकं हळू मी त्या रस्त्यावर कधीच चाललो नव्हतो.

गाडीत ही म्हणाली, "पुढच्या वेळी सोमवारी येऊ. गर्दी असताना बघायचाय मला." पण एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि लोकल पुन्हा बंद झाली. त्या दोन महिन्यांत आमच्या सोसायटीतले चौघे गेले. सोमवारचा विषय कुणी काढला नाही.

१५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस झालेल्यांना पास मिळू लागले. महिनाअखेरच्या एका सोमवारी आम्ही दोघंच गेलो. बरीचशी गर्दी परतली होती. हिला दोनदा धक्का लागला आणि तिनं माझा शर्ट धरून ठेवला. खांबाशी तोच मुलगा होता. मास्क कोपऱ्यात गेले होते, आता छत्र्या होत्या. त्यानं मला ओळखलं. गिऱ्हाइकाला थांबवून खालच्या पिशवीत हात घातला आणि तो पुठ्ठा काढून दाखवला. साठावर तिरकी रेघ मारलेली होती आणि पुढे, मी न सांगता, तारीख घातलेली होती : १९ जून.