सरकीतली वाटणी

कपाशीचं हिरवं बोंड नखानं फोडून पाहा. चार-पाच कप्पे, प्रत्येकात सहा-आठ ओल्या सरक्या एकमेकींना चिकटून. गुलाबी बोंडअळीचं जग एवढंच. एक सरकी पोखरली की ती शेजारच्या सरकीत शिरते आणि हंगाम सरला की दोन सरक्या एकमेकींना जोडून त्यांच्या पोटात झोपून राहते. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं आणि अळी आत असल्यानं तिथवर फवारणीही पोचत नाही.

या अळीचं कोडं बियाण्याच्या धंद्यात दडलंय. संभाजीनगरहून पैठणला निघालं की चितेगाव लागतं. तिथे अजित सीड्सचं संशोधन चालतं. 'अजित १५५' ही कपाशीची जात कोणती, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिकडे जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४मध्ये महिको काढली. १९९८चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. या पट्ट्यात बियाणं हाच मोठा धंदा आहे आणि कापसात तो संकरावर उभा आहे.

पहिला संकर, एच-४, १९७०मध्ये सुरतला डॉ. सी. टी. पटेल यांनी दिला. आजही हे बियाणं हातानंच तयार होतं. उद्या उमलणारी कळी दुपारनंतर हेरायची, पाकळ्यांसकट पुंकेसर नखानं काढायचे, कळी झाकायची. सकाळी नराचं फूल आणून तिच्यावर फिरवायचं. हे काम मुख्यतः बायकाच करतात. इतकी मजुरी परवडत नसल्यानं बहुतेक देश सरळ वाणच पेरतात.

अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं बीटी आपल्याकडे २००२मध्ये आलं, तेही संकरातूनच. २००६च्या बीजी-२मध्ये विषाची दोन जनुकं होती. खरी मेख इथेच आहे. बीटी जनुक सहसा एकाच पालकाकडून येतं. झाड विषारी असतं, पण त्याच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी, आणि तिथे वाटणी होते. एका जनुकाच्या हिशेबानं चारातली एक सरकी बिनविषाची निघते. दोन जनुकं धरली तर सोळातली एक पूर्ण कोरी, काहींत एकच विष, बाकीत दोन्ही. अळीला एकाच बोंडात कमी-जास्त मात्रा चाखायला मिळते. जगल्या-वाचल्या अळ्यांचीच पैदास पुढे वाढते. कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती यांनी यावर सतत बोट ठेवलं. गुजरातेत आधीच्या, एका जनुकाच्या बीजी-१ला न जुमानणारी अळी सापडल्याचं २०१०मध्ये जाहीर झालं. २०१७मध्ये महाराष्ट्रात बीजी-२च्या रानांची दाणादाण उडाली.

तेव्हा दोष शेतकऱ्याला दिला गेला: विषाला न सरावलेल्या अळ्याही टिकाव्यात म्हणून सोबत दिलेलं १२० ग्रॅमचं बिगरबीटी पाकीट त्यानं कडेनं पेरलं नाही. मला हे अर्धंच खरं वाटतं. दोन एकरवाला माणूस अळीसाठी रान सोडेल, अशी अपेक्षा करणाऱ्यांनी कधी दोन एकरांवर घर चालवलेलं नसावं.

परभणी कृषी विद्यापीठाच्या नांदेड केंद्रानं आता एनएच १९०१सारखे बीटीचे सरळ वाण दिले आहेत. त्यांची सरकी पुढच्या पेऱ्यासाठी घरी ठेवता येते, म्हणून खासगी कंपन्यांना त्यात फारसा रस नाही. मात्र गुलाबी अळीला हेही पुरतं अडवत नाहीत. त्यामुळे डोमकळ्या, म्हणजे अळी लागून मिटलेली फुलं, वेचणं आणि नर पतंगांना भुलवणारे कामगंध सापळे टळत नाहीत. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारा, हा ठोकताळा.

आणि फरदड, म्हणजे हंगाम लांबवून घेतलेलं पीक, घेऊ नका, डिसेंबरात पऱ्हाटी उपटा, असं सगळेच सांगतात. पण डिसेंबरात झाडाला अजून बोंडं लटकलेली असतात, पाण्याची एक पाळी शिल्लक असते आणि दुकानदाराची उधारी फिटलेली नसते.