ड्यूटी चार्टवरची दिवाळी

दसऱ्याचे सोने वाटून झाले की रुग्णालयांमध्ये इन्चार्ज सिस्टरच्या टेबलावर सुट्टीचे अर्ज साचू लागतात. आकाशकंदील, पॅसेजमधली रांगोळी, धनत्रयोदशीला धन्वंतरीच्या फोटोपुढे धणे-गूळ, हे सगळे नंतरचे. खरी तयारी म्हणजे ड्यूटी चार्ट. लक्ष्मीपूजनाला ऑफ घेतला तर भाऊबीजेला यायचे, पाडवा हवा असेल तर नरकचतुर्दशीची नाइट करायची, असा हिशेब बसवला जातो. त्यातही भाऊबीज सर्वांत अवघड. वॉर्डात बहुतेक बायका, आणि प्रत्येकीला माहेरी जायचे असते. ईद आणि नाताळच्या सुट्ट्यांशी दिवाळीच्या रात्री बदलून घेणे हा वॉर्डावॉर्डातला जुना व्यवहार. सर्वधर्मसमभावाचे भाषण कोणी करत नाही. चार्टवर खाडाखोड होते, एवढेच.

छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीच्या औरंगाबादेत) जालना रस्त्यावरच्या मुकुंदवाडीला दवाखान्यांची वाण नाही. पूर्वेला चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय, सिडकोत एमजीएम, पश्चिमेला गारखेड्यात डॉ. हेडगेवार रुग्णालय, आणि सर्वांत शेवटी, म्हणजे जवळचे पैसे संपल्यावर, १९५६ पासूनच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची घाटी. यांतले हेडगेवार रुग्णालय १९८९ मध्ये, हेडगेवारांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, तरुण डॉक्टरांच्या एका गटाने सुरू केले. चालवणारा न्यास आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठान. ही दोन नावे एकत्र वाचून बाहेरचा माणूस थबकतो. केसपेपरच्या रांगेत उभ्या असलेल्याला त्याचे फारसे काही नसते.

न्यासाची रुग्णालये म्हटली की बोनसचा प्रश्न येतो, आणि तो वाटतो तितका सरळ नाही. १९६५ च्या बोनस कायद्याने किमान बोनस बंधनकारक केला; पुढे दुरुस्तीने तो ८.३३ टक्के, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंतच्या वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, झाला. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत तो द्यायचा. मार्चअखेरीपासून मोजले तर ३० नोव्हेंबर येतो, आणि दिवाळी त्याच्या अलीकडे पडते. पण याच कायद्याच्या ३२ व्या कलमात, नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थांना सूट देताना कंसात इतरांसोबत एक शब्द मुद्दाम घातला होता: रुग्णालये. त्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ही सूट तशीच राहिली.

याचा परिणाम गमतीदार होतो. धर्मादाय रुग्णालयातल्या स्टाफ नर्सचा बोनसवर कायदेशीर हक्क नाही. व्यवस्थापनाने काही दिले तर ते सानुग्रह अनुदान. त्याच रुग्णालयाच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक मात्र एखाद्या एजन्सीचा नोकर. एजन्सी नफ्यासाठी चालते, वीस किंवा अधिक माणसे कामाला ठेवते, म्हणून त्याला बोनस द्यायला ती बांधील. कागदावर तरी. प्रत्यक्षात त्याच्या हातात काय पडते हे एजन्सीवर अवलंबून. सेवाभाव मोठा म्हणून हक्क लहान, हे तर्कशास्त्र मला कधी पटलेले नाही.

कायद्याच्या या उतरंडीत सर्वांत खाली आशाताई. शहरात साधारण दोनशे ते पाचशे घरांमागे एक आशा, असा राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा हिशेब. ती कर्मचारी नाही, ‘स्वयंसेविका’. पगार नाही, मोबदला. अंगणवाडी सेविकांना सरकार भाऊबीज भेट देते, आम्हाला का नाही, हा तिचा जुना प्रश्न. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या. दिवाळीच्या तोंडावर सात हजारांची वाढ आणि दोन हजारांची दिवाळी भेट जाहीर झाली. शासन निर्णय निघेना, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा संप. अखेर मार्चमध्ये वाढ मंजूर झाली ती पाच हजारांची.

आशा संपावर गेली म्हणजे काय थांबते, हे मुकुंदवाडीसारख्या भागात लगेच कळते. २०१९ मध्ये इथली लहान मुले पाण्यासाठी रेल्वेने औरंगाबाद स्थानकावर जातात आणि कॅन भरून परततात, ही बातमी परदेशी वृत्तसंस्थांनी जगभर नेली. शहराच्या बऱ्याच भागांत नळाला पाणी कधी आठवड्याने, कधी त्याहून उशिरा. मग घरोघरी ड्रम आणि टाक्या आल्याच. डेंग्यूचा एडिस डास याच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आरोग्य विभाग सांगतो, आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा. ज्याच्या नळाला दहाव्या दिवशी पाणी येणार तो आठव्या दिवशी ड्रम कसा ओतून देईल? अशा वेळी घरोघर जाऊन झाकण घाला, फडके बांधा, ड्रम रिकामा होईल तेव्हा आतून घासा (कारण अंडी भिंतीला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात), हे सांगणारी बाई हाच काय तो उपाय. दिवाळीच्या साफसफाईत घराचा पोटमाळा झाडला जातो, ड्रम मात्र तसाच राहतो.

पावसाळ्यानंतर वाढलेला हा डेंग्यूचा ताप ऐन दिवाळीपर्यंत वॉर्ड भरून ठेवतो. त्यावर भाजलेले आणि डोळ्याला इजा झालेले रुग्ण येतात. २९ ऑक्टोबर २०१६ ला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषद मैदानावरचा फटाक्यांचा बाजारच पेटला आणि दुकानांच्या रांगा खाक झाल्या. तेव्हापासून शहरातल्या अपघात विभागांना दिवाळीची वेगळी आठवण करून द्यावी लागत नसेल.

पण चार्टवर नाव असणे म्हणजे नेमके काय, हे अहमदनगरने दाखवले. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीज. जिल्हा रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. काही अधिकारी निलंबित झाले; चारच दिवसांत एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. परिचारिकांच्या संघटना रस्त्यावर आल्या. कोण दोषी हे न्यायालय ठरवील. मला खटकते ते एवढेच, की वायरिंग कोणी केली, अग्निसुरक्षेची तपासणी कोणी करायची होती, यंत्रणा का बसली नव्हती, याची उत्तरे ज्यांनी द्यायची ती माणसे कुठल्याच ड्यूटी चार्टवर नसतात. सणाच्या दिवशी सापडते ती सिस्टर. दिवाळीच्या तयारीत म्हणूनच माळांच्या आधी जादा वायरी, एकाच सॉकेटवरचे तीन प्लग आणि कुलूप लावलेले आपत्कालीन दार पाहायला हवे.

रक्तपेढीची दिवाळी आणखी निराळी. हेडगेवार रुग्णालयाची दत्ताजी भाले रक्तपेढी असो की घाटीची, रक्त येते कॉलेजांतून आणि चिकलठाणा, वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांतून. दिवाळीत कॉलेजांना सुट्टी, कारखाने बंद, माणसे गावी. उलट १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिनाला आणि २ ऑक्टोबरला शिबिरांची नुसती गर्दी. हौसेने केलेले हे दान कॅलेंडरशी मात्र जुळत नाही. साध्या पिशवीतले रक्त ३५ दिवस टिकते. २०२६ मध्ये धनत्रयोदशी ६ नोव्हेंबरला आहे, म्हणजे २ ऑक्टोबरला घेतलेल्या अशा पिशवीची मुदत नेमकी त्याच दिवशी संपते. वेगळ्या द्रावणात ठेवलेल्या लाल पेशी ४२ दिवस चालतात, तरी त्यांनाही पाडव्यानंतर जेमतेम तीन-चार दिवस उरतात. प्लेटलेट्सचे तर विचारूच नका: आयुष्य पाच दिवस, तेही २० ते २४ अंशांना, सतत हलवत ठेवून. डेंग्यूच्या रुग्णाला लागल्या तर त्या साठ्यातून नव्हे, चार दिवसांपूर्वी कोणीतरी खुर्चीत बसला होता म्हणून मिळतात.

मंडळांनी आणि कंपन्यांनी २ ऑक्टोबरचे एखादे शिबिर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ढकलले, तर रक्तपेढीला भेटवस्तूंच्या खोक्यांपेक्षा ते जास्त आवडेल. पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये ९० दिवस, स्त्रीला १२० दिवस ठेवावे लागतात. म्हणजे गणपतीच्या शिबिरात दिलेल्यांना दिवाळीत बोलावता येत नाही, नवे दाते शोधावे लागतात. आणि पाडव्याला ओवाळून झाल्यावर दुपारी वेळ असेल, तर रक्तपेढी उघडी असते. तिथल्या तंत्रज्ञाचेही नाव चार्टवर असते.