एका प्याल्यातले भांडण

भंडारा जिल्ह्यात धानाची मळणी आटोपली की गावोगावी दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक. दंडार, खडी गंमत या लोककलांच्या मातीत वाढलेल्या या झाडीपट्टी रंगभूमीवर प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. इथे संघर्ष कुजबुजून भागत नाही, तो ठसक्यात, पल्लेदार भाषेत हवा. अशा भाषेचे अभिजात उदाहरण म्हणजे राम गणेश गडकरींचे नाटक ‘एकच प्याला’. त्याचा दारूच्या आहारी गेलेला नायक सुधाकर भांडतो ते मुख्यतः स्वतःशीच. त्याचा दारुडा सोबती तळीराम कोट्या-उपमांची आतषबाजी करत दारूची वकिली करतो. नावातला प्याला तर अख्खा संसार गिळणारे रूपकच! (अलंकारांचा सोस कधीकधी अतीच होतो, हेही खरे.) गडकरी शेजारच्या नागपूर जिल्ह्यात, सावनेरला २३ जानेवारी १९१९ रोजी वारले, नाटक रंगमंचावर आले ते त्यानंतर.