जिज्ञासेचा प्रश्न आणि अध्यापकाची भूमिका : 'एम्पेम्बा परिणामा'च्या निमित्ताने

प्रस्तावना :
प्रश्न ही ज्ञानप्रक्रियेची पहिली पायरी होय, हे शिक्षणक्षेत्रात सर्वमान्य आहे. तथापि दैनंदिन अनुभवातून सुचलेला, पाठ्यक्रमाबाहेरचा प्रश्न वर्गात उपस्थित झाला की त्याचे स्वागत होतेच असे नाही. अशा प्रश्नाचे स्वरूप व त्यासंबंधीची अध्यापकाची जबाबदारी यांचा विचार प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे केला आहे.

घटना :
१९६३ साली टांगानिकातील (आजचा टांझानिया) एका माध्यमिक शाळेत एरास्टो एम्पेम्बा हा विद्यार्थी शिकत होता. तेथील मुले उकळलेले दूध साखर घालून निवू देत व मग आइस्क्रीमसाठी शीतकपाटात ठेवीत. एकदा जागा मिळणार नाही या भीतीने एम्पेम्बाने गरम मिश्रणच आत ठेवले. सुमारे दीड तासाने ते गोठलेले आढळले. सोबत्याचे न उकळलेले मिश्रण मात्र अद्याप द्रवरूप होते. शिक्षकांनी हा त्याचा गोंधळ ठरविला. पुढील शाळेत न्यूटनचा शीतलनाचा नियम शिकताना त्याने पुन्हा विचारले, तेव्हा त्याची थट्टाच झाली.

काही काळाने दार-एस-सलाम येथील विद्यापीठ महाविद्यालयाचे प्राध्यापक डेनिस ऑस्बर्न शाळेत आले. समान आकारमानाचे पाणी, एक ३५ व दुसरे १०० अंश सेल्सियस तापमानाचे, शीतकपाटात ठेवल्यास अधिक गरम पाणी आधी का गोठते, असे एम्पेम्बाने त्यांना विचारले. वर्ग हसला. ऑस्बर्न यांनी मात्र कारण ठाऊक नसल्याचे मान्य करून प्रयोगाचे आश्वासन दिले व ते पाळले. १९६९ साली दोघांचा संयुक्त लेख 'फिजिक्स एज्युकेशन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

विवेचन :
आइस्क्रीमच्या अनुभवात एक भांडे उकळलेल्या दुधाचे, तर दुसरे न उकळलेल्या दुधाचे होते. म्हणजे फरक केवळ तापमानाचा नव्हता. पाण्याच्या प्रश्नात पदार्थ व आकारमान समान ठेवून केवळ तापमान बदलले आहे. अनुभवाचे असे परीक्षणक्षम रूपांतर हेच चांगल्या प्रश्नाचे लक्षण होय.

शिक्षकांची शंकाही निराधार नव्हती. गरम पाण्याला थंड होताना दुसऱ्या पाण्याच्या मूळ तापमानातून जावेच लागते. मग ते पुढे कसे जाईल? बाष्पीभवन, विरघळलेले वायू, अभिसरण, अतिशीतन अशी अनेक स्पष्टीकरणे सुचविली गेली. परंतु एकमत झाले नाही. २०१६ साली बरिज व लिंडेन यांना पाण्याच्या प्रयोगांत या परिणामाचा भक्कम पुरावा आढळला नाही. तापमापकाच्या जागेतील अल्प फरकही निष्कर्ष बदलू शकतो, असे त्यांनी दाखविले. उलट २०२० साली कुमार व बेकहोफर यांनी पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या नियंत्रित प्रयोगात तत्सम परिणाम दाखविला.

निष्कर्ष :
यावरून असे म्हणता येईल की, प्रश्नाचे मोल त्याचे अपेक्षित उत्तर खरे ठरण्यावर अवलंबून नसते. थट्टा करणाऱ्या शिक्षकांची शंका उद्या पूर्णतः बरोबर ठरली, तरी तपासणी न करता प्रश्न निकालात काढणे ही त्यांची चूक चूकच राहील. विद्यार्थ्याला प्रश्न नेमका करण्यास साहाय्य करणे, आपले अज्ञान निःसंकोचपणे मान्य करणे आणि शक्य तेथे 'करून पाहू' असे म्हणणे, ही अध्यापकाची कर्तव्ये होत. त्यांसाठी खर्चिक साधनांची गरज नाही. दोन भांडी, एक तापमापक आणि थोडा संयम पुरेसा आहे.